ॲन आर्बरला नव्याने आलात? आधी फुटबॉलचं वेळापत्रक बघा

घर लावून झालं, बँकेत खातं उघडलं, की पुढचं काम म्हणजे इथल्या मिशिगन युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल (अमेरिकन फुटबॉल, सॉकर नव्हे) संघाचं वेळापत्रक फोनच्या कॅलेंडरात टाकणं. खेळात काडीचाही रस नसला तरी टाका. मिशिगन स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आणि गावाची वस्ती साधारण सव्वा लाख, यावरून काय ते समजा.

नेहमीच्या हंगामात १२ सामने असतात, त्यातले बहुधा सात-आठ घरच्या मैदानावर. जवळजवळ सगळे शनिवारी, क्वचित एखादा शुक्रवारी. तारखा आधीपासून ठरलेल्या असतात, पण वेळ बऱ्याचदा १२ दिवस, कधी कधी जेमतेम सहा दिवस आधी कळते, कारण ती टीव्हीवाले ठरवतात. दुपारी १२, साडेतीन किंवा संध्याकाळी साडेसात. त्यामुळे घर बदलणं, बारसं, गणपतीचं जेवण असलं काही घरच्या सामन्याच्या शनिवारी ठेवू नका. भारतातून येणाऱ्या आईबाबांसाठी हॉटेल लागणार असेल तर तो वीकेंड टाळाच. दर भलतेच चढतात. किराणा मात्र सामना चालू असताना आणा, दुकानं ओस असतात.

आय-९४ महामार्गावरच्या स्टेट स्ट्रीट आणि ॲन आर्बर-सलीन रोड या एक्झिटना सामन्याच्या दोन-तीन तास आधीपासून गर्दी होते. लोक आपल्या अंगणात पैसे घेऊन गाड्या लावू देतात. लावण्याआधी "मध्येच बाहेर काढता येईल का?" हे विचारा, नाहीतर पुढची गाडी हलेपर्यंत बसून राहावं लागतं. रस्त्यावर तात्पुरती नो पार्किंगची पाटी असेल तर गाडी उचलून नेतात.

पहिलं तिकीट सप्टेंबरातल्या एखाद्या दुबळ्या पाहुण्या संघाविरुद्धचं घ्या, स्वस्त पडतं. कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेटविरुद्धचा सामना सर्वांत महाग. विषम सालांत तो इथे होतो, थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी. त्या आठवड्यात लाल स्वेटर घालून ऑफिसला जाऊ नका, तो ओहायो स्टेटचा रंग. कोणी मनावर घेणार नाही, पण टोमणे मात्र दिवसभर खावे लागतील.

स्टेडियम बरंचसं जमिनीत खोदलेलं आहे. वरून आत शिरून खाली उतरायचं, म्हणून ओळीचा आकडा जितका मोठा तितकी जागा प्रवेशाजवळ. वयस्कर माणसं सोबत असतील तर हे बघूनच तिकीट काढा. बसायला बहुतेक ठिकाणी पाठ नसलेले बाक, आखलेली जागा अरुंद. नोव्हेंबरात जाड जाकिटं घातलेली माणसं त्यात मावत नाहीत. थंडी पायांतून चढते, लोकरीचे मोजे हवेतच. पाठीवरची सॅक, पर्स आत नेता येणार नाही असंच धरून चला आणि त्या वर्षीचा नियम वाचून निघा. विद्यार्थ्यांच्या भागात पूर्ण सामना उभं राहून बघतात. तास मोजला तर खेळ ६० मिनिटांचा, पण जाहिरातींचे थांबे धरून साडेतीन तास जातात.

नियम इतके पुरेत: चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे जायचं. टचडाऊनचे, म्हणजे चेंडू गोल रेषेपार नेल्याचे सहा गुण, त्यानंतरच्या किकचा एक. तीन प्रयत्न फसले की चौथ्याला चेंडू लांब लाथाडून देतात किंवा गोलावर मारतात, त्याचे तीन गुण. किकचं अंतर काढायचं तर चेंडू गोल रेषेपासून जिथे आहे त्यात १७ मिळवा: २५ यार्डांवर असेल तर ४२. शेजारच्याच्या आधी हा आकडा सांगितलात की तुम्ही नवखे वाटत नाही.

मिशिगन ज्यात खेळतं त्या बिग टेन गटाची अंतिम लढत डिसेंबरच्या सुरुवातीला इंडियानापोलिसला होते. त्यानंतर लगेच राष्ट्रीय प्लेऑफचे १२ संघ जाहीर होतात. ५ ते ८ क्रमांकाच्या संघांना पहिली फेरी घरच्या मैदानावर, ऐन सुट्टीच्या तोंडावर मिळते. तेव्हा मिशिगन त्यात येईल अशी चिन्हं असतील तर डिसेंबरातलं भारताचं विमान पकडायला त्या दिवशी विमानतळाकडे तासभर आधी निघा.