भागल्यावर वाढतं कसं?

नव्याने शिकवायला लागलेले शिक्षक हमखास विचारतात, अवघड भाग सोपा करून कसा सांगायचा? मी पाचवी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवते. माझं म्हणणं, आधी सांगूच नका, विचारा. मुलांच्या डोक्यात काहीतरी आधीच पक्कं बसलेलं असतं, आणि ते कळेपर्यंत आपलं स्पष्टीकरण डोक्यावरून जातं.

अपूर्णांकांचा भागाकार घ्या. ‘दुसरा उलटा करा आणि गुणा’ एका तासिकेत पाठ होतं. पण ३ ÷ १/४ चं उत्तर १२ आलं की हुशार मुलंही बिचकतात. भागलं की संख्या कमी होते, असंच तोवर पाहिलेलं असतं ना! मी फळ्याकडे वळतच नाही. तीन किलो साखर, पाव किलोच्या पुड्या, किती होतील? बारा, लगेच. पाऊण किलोत पावाच्या किती? तीन. आता खरी मेख : साखर अर्धा किलो आणि पुडी पाऊण किलोची. वर्ग गप्प. मग कोणीतरी म्हणतं, ‘‘बाई, पुडी भरतच नाही.’’ किती भरते? पाऊण म्हणजे तीन पाव, आपल्याकडे दोन. म्हणजे २/३ पुडी. नियम यानंतर. दोन तासिका जातात, जाऊ द्या.

विज्ञानात असाच घोळ चंद्रकलांचा. कोर का दिसते विचारलं की बरीच मुलं म्हणतात, पृथ्वीची सावली पडते. (स्टाफरूममध्येही विचारून बघा, धाडस असेल तर.) खोलीत अंधार करून एक बल्ब लावा. पेन्सिलीला टोचलेला थर्माकोलचा चेंडू डोक्याच्या जरा वर धरून मुलाने जागेवरच गिरकी घ्यायची. चेंडू बल्बच्या बाजूला असताना अमावास्या, बल्बकडे पाठ केली की पौर्णिमा. तेव्हा चेंडू खाली आणला की डोक्याची सावली पडते, ते ग्रहण. हिवाळ्यात कॅलेंडरवर वद्य अष्टमी बघून परिपाठाच्या वेळी मुलांना मैदानावर न्या. पश्चिमेकडे अर्धा चंद्र, पूर्वेला सूर्य. सावली कुठून येणार?

उपमा मात्र जपून. वीज नळातल्या पाण्यासारखी म्हटलंत, तर तार तुटल्यावर ती सांडत का नाही, हेही तुम्हालाच सांगावं लागेल.

चाचणीत एक प्रश्न उलटा ठेवा : उत्तर २/३ येईल असं भागाकाराचं उदाहरण तुम्हीच रचा. मी तोच आधी तपासते.