घोड्याचं वजन सुतळीनं काढा, मग चंदी ठरवा

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, मागोमाग लग्नसराई असते. या दिवसांत अनेकांच्या दारात नवा घोडा येतो. दात बघून वय सांगणारे बाजारात पुष्कळ भेटतात, वजन मात्र सगळे नजरेनंच सांगतात. ती नजर फसते, त्यात थंडीत घोड्याचे केस दाट झाले की घोडा आहे त्याहून भरलेला दिसतो. चंदी म्हणजे घोड्याचा दाणा, जंताचं औषध आणि पाठीवरचा भार हे सगळं वजनावरच ठरतं. म्हणून घोडा आणला की त्याच आठवड्यात वजन काढा.

शिंप्याची टेप साधारण दीडशे सेंटिमीटरची असते, मोठ्या घोड्याच्या छातीला ती पुरत नाही. त्यामुळे ताणली तरी न वाढणारी सुतळी घ्या आणि नंतर ती टेपवर मोजा. घोडा सपाट जागी, चारही पाय सरळ ठेवून उभा करा. तंग म्हणजे खोगिराचा पट्टा आवळतो त्या जागेवरून, म्हणजे पुढच्या पायाच्या कोपरामागून आणि पाठीच्या उंचवट्यामागून सुतळी फिरवा, हा झाला घेर. अनोळखी हात लागला की काही घोडे अंग फुगवून धरतात. घाई करू नका, दोन-तीन श्वास जाऊ द्या आणि श्वास सोडल्यावरच सुतळी चिमटीत धरा. लांबी खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत घ्यायची. त्याला दोन माणसं लागतात.

घेराला घेरानं गुणा, आलेल्या आकड्याला लांबीनं गुणा आणि ११,८८० नं भागा. घेर १६५ आणि लांबी १५० सेंटिमीटर असेल तर वजन साधारण ३४४ किलो येतं. घेर मोजताना ५ सेंटिमीटरची चूक झाली तर हिशेब २० किलोंनी चुकतो, म्हणून तीनदा मोजून मधला आकडा धरा. हे सूत्र पूर्ण वाढ झालेल्या घोड्यांचं आहे. शिंगरू आणि गाभण घोडी यांना ते लागू पडत नाही. गावाजवळ वजनकाटा असेल तर घोड्यासह गाडी आणि रिकामी गाडी असं दोनदा वजन करणं सगळ्यात चांगलं.

३४४ किलोंच्या घोड्याला वैरण आणि चंदी मिळून रोज वजनाच्या सुमारे २ टक्के, म्हणजे ७ किलो कोरडा आहार लागतो. त्यात निदान ५ किलो वाळलेलं गवत हवं. हिरव्या चाऱ्यात बहुतेक पाणीच असतं, चार किलो हिरवा म्हणजे जेमतेम एक किलो कोरडा धरा. चंदी एका वेळी दीड किलोच्या वर नको. काम जास्त असेल तर तोबरा, म्हणजे तोंडाला बांधायची चंदीची पिशवी, दोनाऐवजी तीन वेळा द्या. पूर्वीच्या मालकाकडे काय खात होता ते विचारून घ्या आणि बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करा.

या दिवसांत उसाचं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, स्वस्त मिळतं. गायी-म्हशींच्या गव्हाणीतलं वाढं घोड्यापुढेही टाकलं जातं, ते टाळा. त्यात आणि हत्ती गवतात ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियम अंगी लागू देत नाही. नुसत्या गव्हाच्या कोंड्यावर ठेवलेल्या घोड्याचीही हाडं अशीच कमजोर होतात. बुरशी लागलेला मका किंवा भुईमुगाचा पाला अजिबात नको. घोड्याला उलटी करता येत नाही, पोटात गेलेलं पोटातच राहतं. कोंबडीखाद्याचं पोतं तर त्याच्या तोंडाला लागेल असं ठेवूच नका. त्यात अनेकदा मोनेन्सिन हे कोंबड्यांचं औषध असतं, ते घोड्याच्या जिवावर उठतं.

थंडीत गारढोण पाणी घोडा कमी पितो, मग लीद सुकते आणि पोट धरतं. कामाविना उभ्या घोड्यालाही रोज १७ ते २० लिटर पाणी हवं, ते सकाळी कोमट करून द्या. चंदीत दोन चमचे मीठ घाला.

भाराचा सर्वसाधारण नियम वजनाच्या पाचव्या हिश्शाचा आहे. ३४४ किलोंच्या घोड्यावर खोगीर धरून ६९ किलोंपेक्षा जास्त नको. वरातीत ७५ किलोंचा नवरदेव, वर खोगीर आणि साज आला की हा हिशेब पार मोडतो, आणि ते ओझं तासन्‌तास डांबरावर उभं असतं. पाठीचे आजार इथूनच सुरू होतात. यजमानाला आधी स्पष्ट सांगा, किंवा मोठा घोडा द्या.

रोज खरारा करताना बरगड्यांवरून हात फिरवा: बरगडी हाताला लागावी, डोळ्यांना दिसू नये. खूर रोज साफ करा, नालबंदाला सहा ते आठ आठवड्यांनी बोलवा. धनुर्वाताची लस चुकवू नका. ग्लँडर्स हा घोड्यांचा जीवघेणा संसर्गजन्य रोग माणसालाही होतो, म्हणून घोडा घेतानाच तपासणीचा दाखला मागा आणि नवा घोडा काही दिवस वेगळा बांधा. घोडा चारा सोडून कुशीकडे वळून बघत असेल, पाय झाडत किंवा लोळत असेल, लीद बंद असेल, तर घरगुती काढा पाजू नका. चारा-चंदी बाजूला करा आणि पशुवैद्यकाला लगेच बोलवा. फोनवरच घोड्याचं वजन सांगा.