प्रोफाइल पाहणारा प्रत्येक जण ग्राहक नसतो: लिंक्डइनवर लीड शोधताना या चुका टाळा

दर सोमवारी आमच्या विक्री विभागाच्या बैठकीत कोणीतरी मोबाइल पुढे करून मोठ्या अभिमानाने सांगतो की या आठवड्यात लिंक्डइनवर चाळीस जणांनी माझे प्रोफाइल पाहिले. त्यावर माझा प्रश्न ठरलेला असतो: या चाळिसांपैकी आपला माल विकत घेण्याचा निर्णय करणारे, किंवा त्या निर्णयात ज्यांचे मत विचारले जाते असे, म्हणजे खरे लीड (संभाव्य ग्राहक), किती जण आहेत? या प्रश्नावर बहुधा शांतता पसरते, कारण प्रोफाइल पाहणाऱ्यांची जी यादी लिंक्डइन दाखवते तीत नोकरभरती करणारे, नोकरी शोधणारे, जुने सहाध्यायी, प्रतिस्पर्धी कंपन्यांचे विक्रेते आणि उलट आपल्यालाच काही विकू पाहणारे लोक मिळून बहुतेक जागा व्यापून बसलेले असतात. मी गोदामातील साठ्याच्या नोंदी ठेवणारी संगणक प्रणाली विकतो आणि गेली काही वर्षे नव्या विक्रेत्यांना शिकवतो. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा पाहून कंटाळल्यामुळे हे लिहीत आहे.

सर्वांत महागडी आणि सर्वांत लाडकी चूक म्हणजे भेट दिसताक्षणी ‘आपण माझे प्रोफाइल पाहिलेत’ असा संदेश पाठवणे. आमच्याकडील एका नव्या सहकाऱ्याला एका सकाळी दिसले की एका मध्यम आकाराच्या उत्पादक कंपनीच्या खरेदीप्रमुखांनी त्याचे प्रोफाइल पाहिले आहे. दहा मिनिटांच्या आत त्याने कनेक्शनची विनंती पाठवली आणि सोबत लिहिले, ‘आपण माझे प्रोफाइल पाहिल्याचे लक्षात आले. आपल्याला आमच्या प्रणालीत रस असावा. या आठवड्यात केव्हा बोलू या?’ वस्तुस्थिती अशी होती की त्या कंपनीशी आमच्याच एका ज्येष्ठ सहकाऱ्याची बोलणी दोन महिन्यांपासून चालू होती आणि किमतीवरची घासाघीस संपून फक्त सही व्हायची राहिली होती. विक्रीनंतर सेवा देणारी माणसे आमच्याकडे खरोखरच आहेत की नाहीत हे तपासण्यासाठी ते गृहस्थ आमच्या कंपनीतील एकेक माणूस चाळून पाहत होते. संदेश मिळाल्यावर त्यांनी ज्येष्ठ सहकाऱ्याला फोन करून एकच प्रश्न विचारला: ‘आमचे काम तुमच्याकडे नेमके कोण पाहते?’ व्यवहार मोडला नाही, परंतु सही तीन आठवडे लांबली आणि कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे एक जादा सत्र आम्हाला पदरमोड करून द्यावे लागले.

या प्रसंगातून त्या सहकाऱ्याने घेतलेला बोध असा होता की संदेशाची भाषा अधिक नम्र हवी होती. तो बोध चुकीचा आहे. भाषा कितीही गोड केली तरी वाचणाऱ्याला त्यातून एवढेच कळते की आपण कोठे पाहतो यावर कोणीतरी टपून बसले आहे. शिवाय माणूस आपल्या प्रोफाइलवर शोध घेऊन येतो तसाच बाजूला सुचवलेल्या नावांवर सहज बोट पडूनही येतो, आणि दुसऱ्या प्रकारच्या माणसाला तर आपण तेथे गेलो होतो हे आठवतही नाही. म्हणून मी कोणत्याही संदेशात भेटीचा उल्लेख करत नाही. माझी सवय साधी आहे. आधी आपल्या सीआरएममध्ये, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रणालीत, त्या कंपनीचे नाव शोधायचे. नाव सापडले, तर ज्या सहकाऱ्याकडे ते खाते आहे त्याला कळवून आपण बाजूला व्हायचे. नाव नसेल, तर त्या माणसाचे प्रोफाइल आणि अलीकडच्या पोस्ट वाचायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या कामाविषयी लिहायचे. उदाहरणार्थ: ‘आपल्या कंपनीने दुसरे गोदाम सुरू केल्याचे आपल्या पोस्टमध्ये वाचले. दोन ठिकाणचा साठा एकाच नोंदीत जुळवताना सुरुवातीचे काही महिने अवघड जातात, आणि आमचे काम नेमके तेच आहे. ओळख असावी म्हणून ही विनंती पाठवत आहे.’ विनंतीसोबतच्या चिठ्ठीला जास्तीत जास्त ३०० अक्षरांची मर्यादा आहे, मोफत खात्याला ती याहूनही कमी मिळते आणि महिन्याला अशा मोजक्याच चिठ्ठ्या पाठवता येतात, तेव्हा त्या उधळून लावण्यात शहाणपण नाही. एक दिवस थांबलो तर लीड थंड होईल, असे नवखे मला नेहमी सांगतात. एका दिवसात थंड होणारे लीड मुळात गरम नव्हतेच.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे आणि ती मी स्वतः केली आहे. यादीत दिसणारा माणूस आपण केवळ पदावरून तोलतो. संचालक दिसला की धावतो आणि कनिष्ठ पदाचा माणूस दिसला की पुढे सरकतो. एकदा आठ दिवसांत एकाच कंपनीतील तिघांनी माझे प्रोफाइल पाहिले. पहिली खरेदी विभागातील विश्लेषक होती, दुसरा संगणक विभागातील प्रशासक होता आणि तिसऱ्या नोंदीत नावाऐवजी केवळ त्या कंपनीच्या वित्त विभागातील कोणीतरी एवढेच दिसत होते. तिघांपैकी एकही ‘प्रमुख’ नाही, असे म्हणून मी तिन्ही नोंदी सोडून दिल्या आणि त्या कंपनीच्या संचालकांना एक लांबलचक संदेश पाठवला, ज्याचे उत्तर अर्थातच आले नाही. तीन महिन्यांनी कळले की त्यांनी दुसऱ्याच विक्रेत्याकडून प्रणाली घेतली. पुरवठादारांचा तुलनात्मक तक्ता त्या विश्लेषकाने तयार केला होता, आणि त्यात आमचे नाव होते, फक्त त्यापुढचे रकाने रिकामे होते. ते भरण्यासाठी लागणारी माहिती माझ्याकडे होती आणि ती विचारायला ती माझ्या दारापर्यंत आली होती, असे म्हटले तरी चालेल.

तेव्हापासून मी माणसांची नव्हे, तर कंपन्यांची यादी ठेवतो. एका साध्या तक्त्यात तारीख, कंपनी, विभाग आणि पूर्वीचा काही संबंध असे चार रकाने असतात. एका कंपनीचे एक नाव आले तर मी काहीही करत नाही. पंधरवड्यात त्याच कंपनीच्या वेगळ्या विभागातील दुसरे नाव आले, तर तेथे काहीतरी शिजत आहे असे समजतो आणि सर्वांत कनिष्ठ माणसाला आधी लिहितो, कारण माहिती गोळा करण्याचे काम बहुधा त्याच्याच गळ्यात पडलेले असते. अर्धवट नाव लपवलेल्या नोंदीमागे नेमका कोण आहे हे शोधण्यासाठी काही जण सबंध दुपार घालवतात. मला हा हेरगिरीचा खेळ मुळीच मान्य नाही. कंपनी आणि विभाग कळला, तेवढे पुरे.

आता यादीच रिकामी दिसते, या तक्रारीविषयी. स्वतः इतरांची प्रोफाइल गुपचूप पाहता यावीत म्हणून अनेक जण प्रायव्हेट मोड चालू करतात आणि मग माझ्याकडे कोणी फिरकत नाही असे म्हणतात. मोफत खात्यावर आपण नाव लपवून फिरलो तर आपल्याकडे कोण आले हेही लिंक्डइन दाखवत नाही, हा सरळ देवाणघेवाणीचा नियम आहे. सेटिंग्जमध्ये जाऊन नाव आणि हेडलाइन (नावाखालची परिचयाची ओळ) दाखवण्याचा पर्याय निवडावा. सशुल्क खाते घेतले तरी पूर्णपणे अनामिक राहिलेल्या पाहुण्यांची नावे कळत नाहीत, त्यामुळे केवळ त्या आशेने पैसे भरू नयेत. विक्रेत्याने लपून फिरावे याचे मला आजवर एकही पटणारे कारण मिळालेले नाही. तुम्ही एखाद्या ग्राहकाचे प्रोफाइल पाहिले आणि त्याला तुमचे नाव दिसले, तर ती फुकटात झालेली ओळख आहे.

ती ओळख वाया जाते ती हेडलाइनमुळे. यादीत तुमच्या नावाखाली तीच ओळ दिसते, आणि तेथे ‘बिझनेस डेव्हलपमेंट मॅनेजर’ असे लिहिलेले असेल तर पाहणाऱ्याला एवढेच कळते की हा काहीतरी विकायला येणार. त्या जागेत २२० अक्षरे बसतात. कोणाचे कोणते काम सोपे होते ते तेथे लिहावे. हेडलाइन बदलल्यानंतर येणाऱ्यांची संख्या घटली, तरी घाबरू नये. माझ्याकडे ती घटली आणि नोकरभरती करणाऱ्यांची गर्दी कमी झाली, एवढाच फरक पडला.

झटपट मार्ग शोधणाऱ्यांसाठी बाजारात ब्राउझरला जोडायची अशी साधने मिळतात, जी तुमच्या वतीने रोज शेकडो प्रोफाइल उघडतात, म्हणजे ते लोक कुतूहलाने परत तुमच्याकडे येतील. ते येतातही. परंतु हा माणूस कोण, एवढे पाहून ते निघून जातात, आणि तुमच्या यादीत खऱ्या गरजेने आलेली दोन नावे या परतभेटींच्या ढिगाऱ्याखाली गाडली जातात. त्यात लिंक्डइनच्या वापरकर्ता करारानुसार अशी स्वयंचलित साधने निषिद्ध आहेत आणि खात्यावर निर्बंध येऊ शकतात. ज्याला हाताने दिवसाला दहा प्रोफाइल वाचण्याचा कंटाळा येतो, त्याने विक्रीचे काम का निवडले हे मला कळत नाही.

काही चुका एका ओळीच्या आहेत. शोधात तुमचे नाव किती वेळा झळकले आणि प्रोफाइल किती जणांनी उघडले हे दोन वेगळे आकडे आहेत, ते एकत्र मिसळू नयेत. पाठवलेली विनंती उतावीळपणे मागे घेतली तर त्याच माणसाला ती पुन्हा पाठवण्यासाठी तीन आठवड्यांपर्यंत थांबावे लागते. विनंती स्वीकारल्याच्या क्षणी दरपत्रक पाठवू नये. आणि कनेक्शन झाले म्हणून समोरच्याचा ईमेल पत्ता उचलून आपल्या प्रचारपत्राच्या यादीत घालू नये, कारण ओळखीला दिलेला होकार हा प्रचारपत्रे घेण्याला दिलेला होकार नव्हे. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यामुळे युरोपीय संघातील ग्राहकांच्या बाबतीत तर हा थेट कायद्याचा प्रश्न होतो. मी अशा माणसाला एक स्वतंत्र संदेश लिहून विचारतो, आणि उत्तर आले नाही तर ते ‘नाही’ असे धरून तक्त्यातील त्या ओळीपुढे तारीख टाकतो.