गूढ-भयकादंबरीवर मत देताय? मग या चुका टाळा

भुताटकीची, सस्पेन्सवाली कादंबरी वाचून संपली की कधी एकदा कुणाला सांगतो असं होतं, आणि सांगायला गेलं की नेमका तिथंच घोळ होतो. ऐतिहासिक कादंबरीवर काहीही बोला, पुढच्याचं काही बिघडत नाही, महाराज आग्र्याहून सुटले हे पुस्तक हातात घ्यायच्या आधीच सगळ्यांना माहितीय. इथं मात्र सगळी मजा माहिती नसण्यात आहे, त्यामुळं एका सैल वाक्यात पुढच्याच्या अख्ख्या पुस्तकाचा विचका होतो. लातूर, परभणी, नांदेड, बीडकडच्या वाचणाऱ्या मंडळींची मतं बघितली, ग्रुपवरची असोत की वाचनालयाच्या बाकड्यावरची, तर चुका त्याच त्याच दिसतात, म्हणून हे लिहायलोय. माझं म्हणणं एवढंच आहे की अशा पुस्तकावर बोलताना पकड कुठं बसली, कुठं सुटली आणि कशामुळं, हे आलं पाहिजे. बाकी सगळं त्याच्या नंतर.

"सस्पेन्स सांगत नाही, पण..."

या "पण"च्या पुढं जे येतं त्यानंच वाट लागते. सरळ सरळ रहस्य फोडणारे लोक कमीच असतात, खरा त्रास अर्धवट सांगणाऱ्यांचा. "शेवटी असा झटका बसतो की विचारू नका" असं लिहिलं की पुढचा माणूस पहिल्या पानापासून झटका शोधत बसतो. "मामावर लक्ष ठेवा" म्हटलं की झालं, मामाचं कामच संपलं. आणि "आधी वाटतं भूत आहे, पण..." हे तर सगळ्यात वाईट, कारण ते वाक्य एकाच प्रकारे संपू शकतं आणि कसं ते शाळेतल्या पोरालाही कळतंय.

ही खोड काही मोबाईलमुळं आलेली नाही बरं का. जुन्या वाचनालयातलं एखादं जाड रहस्यपुस्तक उघडून बघा, खाकी कव्हर घातलेलं, मागं तारखेचे शिक्के मारलेलं. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं "उत्तम", त्याखाली वेगळ्या अक्षरात "एकदम बकवास", त्याखाली तिसऱ्याचं "मग तुम्हीच लिहा". इथवर ठीक, वाचायला मजा येते. पण एखादा महाभाग असा भेटतो की पहिल्याच पानावर, पुस्तकाच्या नावाखाली, बॉलपेननं "खुनी = डॉक्टर" लिहून मोकळा. खोडरबरानंही जात नाही ते.

उपाय सोपा आहे. प्रकाशकानं मलपृष्ठावर जेवढं छापलंय तेवढं उघड बोला, फार तर सुरुवातीच्या दोन-चार प्रकरणांतलं. पुढचं बोलल्याशिवाय राहवतच नसेल तर टेलिग्रामवर मजकूर झाकून टाकायची सोय आहे ती वापरा, बोट लावल्याशिवाय दिसत नाही. व्हॉट्सअॅपवर मात्र मेसेजची सुरुवात नोटिफिकेशनमध्येच दिसते, म्हणून आधी "पुढं रहस्य फुटलंय" असं लिहा, खाली बऱ्याच ओळी रिकाम्या सोडा आणि मग काय ते बोला.

"मला नाही बाबा भीती वाटली"

हे मत नाही, ही तब्येतीची माहिती झाली. भर दिवसा लातूर-नांदेड एसटीत, शेजारी कुणीतरी मोबाईलवर मोठ्यानं रील बघायलंय, कंडक्टर सुट्ट्यासाठी भांडायलाय, अशात चार-चार पानं वाचली तर वेताळ स्वतः येऊन बसला तरी काही वाटणार नाही. उलट लाईट गेलेल्या रात्री मोबाईलच्या उजेडात वाचलं की साधी मांजर दचकवते, भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काय खोटं नाही. तेव्हा मत देताना कुठं, कधी, सलग वाचलं का तुकड्यातुकड्यानं, हे एका ओळीत सांगून टाका, वाचणारा आपला हिशोब लावून घेतो.

आणि भीती म्हणजे दचकणं एवढंच धरू नका. सिनेमा दिग्दर्शक हिचकॉकचं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण बऱ्याच जणांना माहिती असेल. चौघं टेबलावर गप्पा मारतायत आणि अचानक बॉम्ब फुटला, तर बघणाऱ्याला पंधरा सेकंदांचा धक्का. पण बॉम्ब खाली आहे आणि किती वाजता फुटणार हे बघणाऱ्याला आधीच दाखवलं, तर त्याच फालतू गप्पा पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावतात. अॅन रॅडक्लिफ नावाच्या इंग्रजी लेखिकेनं तर दोनशे वर्षांपूर्वीच, तिच्या मृत्यूनंतर 1826 मध्ये छापून आलेल्या एका निबंधात, काहीतरी येणार या चाहुलीचं भय वेगळं आणि समोर आलेलं किळसवाणं दृश्य बघून येणारा शहारा वेगळा, असं मांडलंय. म्हणजे "रक्तबिक्त काही नाही, स्लो आहे" असं लिहायच्या आधी जरा बघा की लेखकाला रक्त दाखवायचंच होतं का. चाहूल लावायची होती आणि ती लागली नाही, तर ती तक्रार खरी. मग कुठल्या प्रकरणापासून लागायची बंद झाली ते सांगा. बहुतेक वेळा भूत पहिल्यांदा नीट अंगोपांगासकट दिसलं की तिथून पुढं भीती उतरते, आणि लेखक मात्र त्याच भुताला परत परत आणत राहतो.

"असं कुठं असतंय का"

भूत असतं का नसतं हा वाद पुस्तकाच्या मतात घुसला की संपलं, ग्रुपवर दोन दिवस अंनिस (अंधश्रद्धा निर्मूलन समिती) विरुद्ध आजीचे अनुभव चालू राहतं आणि पुस्तक बाजूला. कादंबरीला विचारायचा प्रश्न वेगळा आहे, तिनं स्वतः घातलेला नियम तिनं पाळला का? पहिल्या भागात लेखक म्हणाला की ती भूत झालेली बाई उंबरा ओलांडू शकत नाही, आणि शेवटी सोयीचं होतं म्हणून ती सरळ माजघरात आली, तर ही पकडायची चूक. उंबऱ्यापाशी थांबणारी बाई जगात नसते, ही काय चूक नव्हे.

एक गोष्ट मात्र खरंच बोलावी अशी. फिट येणारी, वेड्यासारखं करणारी पोरगी दाखवायची आणि मांत्रिकानं चटके देऊन बरी केली असं मिटवून टाकायचं, हे खटकलं पाहिजे. आपल्याकडं 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, चटके हा त्यात गुन्हा आहे. पण ते लिहिताना वेगळा परिच्छेद करा राव. कथा कशी बांधलीय हे एक आणि कथा कशाची बाजू घेतेय हे दुसरं. पुस्तक पकड घेणारं असूनही चुकीची बाजू घेणारं असू शकतं, दोन्ही लिहिलं तरी कुणी काही म्हणत नाही.

याच्याच जोडीला "शेवट अर्धवट सोडलाय" ही तक्रार. काही पुस्तकं मुद्दाम दोन्ही दारं उघडी ठेवतात, भूत होतं का त्या माणसाच्या डोक्यात होतं हे ठरू देत नाहीत. हेन्री जेम्सच्या 1898 च्या 'द टर्न ऑफ द स्क्रू'वर आजही याच मुद्द्यावर भांडणं चालू आहेत. मुद्दाम उघडा ठेवलेला शेवट आणि लेखकाला सुचलंच नाही म्हणून लोंबकळलेला शेवट, यातला फरक ओळखायची माझी एक साधी रीत आहे. परत मागं जाऊन चार-पाच प्रसंग बघायचे. प्रत्येक प्रसंग दोन्ही अर्थांनी बसतोय का? बसत असेल तर मुद्दाम आहे. एकाही अर्थानं धड बसत नसेल तर खुशाल शिव्या घाला.

आता आपल्या भागाचं

मराठीत भयकथा म्हटलं की कोकण. पाऊस, माडाची झावळी, कौलारू घर, मागीलदारची विहीर. त्याचं काही वाईट नाही, पण मराठवाड्यात घडणारी गोष्ट लिहिताना लेखक तेच सामान उचलून इकडं आणून टाकतो आणि आपले वाचक एक तर ते बघतच नाहीत, नाहीतर "आपल्या मातीतली कादंबरी, अभिमान वाटला" लिहून पाच स्टार देऊन मोकळे. माझ्या मते आपण सगळ्यात जास्त उपयोगी पडू शकतो ते इथंच, आणि इथंच आपण सगळ्यात कमी बोलतो.

एक उदाहरण सांगतो. समजा औसा तालुक्यातल्या एका गावाची गोष्ट आहे, मार्गशीर्षातली अमावस्या आहे, गाव दारं लावून चिडीचूप बसलंय, रस्त्यावर कुत्रं नाही. वाचायला झकास. पण त्या दिवशी आपल्याकडं येळवस, म्हणजे वेळ अमावस्या असते! सगळं गाव बायकापोरांसकट शेतात, भज्जी, आंबील, गावातल्यानं शहरातल्या चार ओळखीच्यांना सुद्धा जेवायला बोलावलेलं. त्या दिवशी गाव रिकामं असतं हे खरं, पण ते भीतीनं नाही. आता एखाद्या हुशार लेखकानं ह्याचाच वापर केला असता, अख्खं गाव शेतात आणि एक माणूस काहीतरी कारणानं गावात मागं राहिला, भर दुपारी, सगळ्या घरांना कुलुपं. अंगावर काटा येतो का नाही? रात्रीची गरजच नाही. इकडं लहानपणी सगळ्यांना दटावलेलं असतंय की दुपारी बारा वाजता चिंचेखाली जाऊ नको, बारवेकडं फिरकू नको, तिथं आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता, असतात म्हणून. उन्हाळ्यातली ती पांढरी फटक दुपार आपल्या भयकथेत जवळजवळ येतच नाही.

तसंच गढीचं. गढी म्हणजे सागवानी खांबांचा पेशवाई वाडा नव्हे, पांढऱ्या मातीची ती उंच भिंत, दर पावसाळ्यात थोडी थोडी खचणारी, जिची माती लोक माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, टाकायला नेतात. परभणी जिल्ह्यात वालूरला गोल गोल पायऱ्यांची बारव आहे, दौलताबादच्या किल्ल्यात अंधारी म्हणतात तो काळोखा भुयारी रस्ता आहे, दिवसाढवळ्या वटवाघळांच्या वासात चाचपडत जावं लागतं. एवढं सामान असताना पात्रं लातूरची आणि बोलणं सदाशिव पेठेतलं असेल तर ते सांगा की. "म्हातारी 'काय करायलास रे' म्हणायच्या जागी 'काय करतोयस बाळा' म्हणते आणि तिथं माझी तंद्री मोडली", हे एक वाक्य दहा स्टारांपेक्षा कामाचं आहे. फक्त उलटं टोक नको, एसटीचा फाटा पाच किलोमीटर इकडं का तिकडं यावरून पुस्तक निकालात काढणारेही पाहिलेत.

आणि किल्लारी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमारास तिथं जो भूकंप झाला त्यात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, त्यांची घरची माणसं आज आपल्यातच राहतात, कदाचित त्याच ग्रुपवर आहेत. त्या पडक्या गावांत आत्मे फिरवणारी गोष्ट आली तर "लोकेशन भारी" लिहायच्या आधी जरा थांबा. विषयाला हात लावू नये असं मी म्हणत नाही. त्या आधीच्या वर्षापासूनच तिथं धक्के बसत होते, हिंगोली जिल्ह्यात वसमत-औंढा-कळमनुरीकडं तर आताही जमिनीतून आवाज येतात आणि पेपरात "गूढ आवाज" म्हणूनच छापून येतं, कारण भूगर्भातलं असलं तरी रात्री भांडी वाजली की माणूस घाबरतोच. ही भीती लेखकाला कळलीय का त्यानं नुसता ढिगारा वापरलाय, हे मराठवाड्यातला वाचक जितकं नेमकं सांगेल तितकं पुण्या-मुंबईचा नाही सांगू शकणार.

लिहायला बसलं की शब्दच सुचत नाहीत

मग माणूस गोष्ट सांगायला लागतो, हा गेला, ती आली, दार वाजलं. किंवा मग हे:

"अप्रतिम! थरारक! खिळवून ठेवणारी! लेखकाला पुढील वाटचालीस शुभेच्छा."

वाढदिवसाच्या बॅनरवरही चालेल असा मजकूर. त्याच पुस्तकाबद्दल हे बघा:

"गढीत राहायला आलेल्या शिक्षकाची गोष्ट. पहिला अर्धा भाग मी एका बैठकीत वाचला, विशेषतः तो रोज एक खिळा कमी मोजतो ते प्रकरण. पण नंतर गावातला म्हातारा येऊन सगळा इतिहास आठ पानं सांगतो तिथं पकड सुटली, ती शेवटच्या दोन प्रकरणांतच परत आली. रात्री वाचली. दचकवणारी नाही, अस्वस्थ करणारी आहे."

यात रहस्य फुटलं नाही, पुस्तक घ्यायचं का नाही हे कळलं, आणि लेखकाला म्हाताऱ्याचं काय करायचं तेही कळलं. सुचत नसेल तर वाचताना पुस्तक बाजूला ठेवून चहाला कुठं उठलात ते पान आठवा. बऱ्याचदा तिथंच काहीतरी ढिलं असतं.

बाकी किरकोळ. पार्सल उशिरा आलं, कोपरा दुमडला, म्हणून पुस्तकाला एक स्टार देऊ नका, त्याची तक्रार विकणाऱ्याकडं. ऑडिओ ऐकला असेल तर तसं सांगा, कारण चांगला आवाज सपक वाक्यालाही घाबरवायला लावतो आणि कंटाळवाणा आवाज चांगल्याची माती करतो. "धारपांची सर नाही", "मतकरींसारखं जमलं नाही" हे तर बंदच करा, मराठी भयकथेतली ही दोन मोठी नावं, नारायण धारप 2008 ला गेले, रत्नाकर मतकरी 2020 ला, आणि ते दोघंही एकमेकांसारखं लिहीत नव्हते. तुलना करायचीच तर कशात ते बोला. आणि न वाचता, दुसऱ्याच्या मतावरून मत देणारे जे आहेत, त्यांना काय सांगायचं, उंटावरून शेळ्या हाकायला पेट्रोल लागत नाही.

आता अडचणीचा भाग, लेखक आपल्याच ग्रुपवर असतो. कधी तर आपल्याच शाळेचा, भेट म्हणून सही करून पुस्तक दिलेलं. तेव्हा गप्प बसणं किंवा खोटं कौतुक, दोनच रस्ते आहेत असं लोकांना वाटतं. पुस्तक भेट मिळालंय हे मतात सरळ लिहून टाका, मग जे वाटलं ते "अहो" लावून का होईना पण लिहा. शुद्धलेखनाच्या, छपाईच्या चुका तेवढ्या चारचौघांत काढू नका, पान नंबर आणि ओळ टाकून त्याला पर्सनलवर पाठवा, दुसरी आवृत्ती निघाली तर त्याला त्याच कामाला येतात.