मैत्रीवर राहायला येताय? आधी वाऱ्याचं ऐका

मुलांनो, 'मैत्री' म्हणजे अंटार्क्टिकावरचं आपलं संशोधन केंद्र. इथे हिवाळा काढायला येणारा प्रत्येक नवा माणूस आधी पेंग्विनची चौकशी करतो. पेंग्विन समुद्राकाठी राहतात आणि आपण शिर्माकर ओएसिस नावाच्या बिनबर्फाच्या खडकाळ पट्ट्यात, बर्फाच्या किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत. एखादा भटकत आलाच तर लांबून बघायचा. पांढरी अस्वलंही नाहीत. ती पार दुसऱ्या टोकाला, आर्क्टिकात.

मोठेपणी यायचं ठरवलंत तर चौकशी करा वाऱ्याची. पुण्या-मुंबईचे लोक थर्मामीटर बघून घाबरतात किंवा बघूनच शेखी मिरवतात. दोन्ही चूक. खंडाच्या मधल्या उंच बर्फावर हवा गारठून जड होते आणि उतारावरून किनाऱ्याकडे घसरत येते. उणे 20 अंशांत ताशी 50 किलोमीटरचा वारा सुटला, की उघड्या कातडीला उणे 35 असल्यासारखं लागतं.

म्हणून हातमोजा काढायचा नाही. फोटोसाठी नाही, चेन अडकली म्हणून नाही, 'एकच मिनिट' म्हणून तर मुळीच नाही. आमच्यातल्या एकाने मोबाइलवर फोटो काढायला मोजा उतरवला. बोटांची टोकं आधी पांढरी पडली, मग काळी, आणि पुढचे कित्येक आठवडे त्याला शर्टाचं बटणही दुसऱ्याकडून लावून घ्यावं लागलं. शिकलेला माणूस, बरं का! दर वर्षी कुणीतरी हेच करतो. मोजा काढायचा नाही.

ब्लिझार्डमध्ये, म्हणजे हिमवादळात, स्वतःचा पसरलेला हातही दिसत नाही. शेजारच्या खोपटात जायचं तरी दोर धरून, आणि सांगून.

सूर्य मेच्या अखेरीस जातो, तो जुलैच्या अखेरीस परततो. त्याचं फार मनावर घेऊ नका. जेवणाच्या वेळा मात्र पाळा. उणे अंशांतही पाणी मिळतं, कारण प्रियदर्शिनी तळं वरून गोठलं तरी खाली पाणी राहतं. तरीही ते जपून वापरा. हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात, दाराच्या कडीला हात लावताच विजेचा झटका बसतो, आणि आगीची भीती थंडीहून मोठी.

स्वयंपाकघरात सगळ्यांची पाळी लागते. पीएचडीवाले कांदा चिरायला कां-कूं करतात. फौजेतून आलेले निमूट शंभर पोळ्या लाटतात. मी कुणाच्या बाजूने आहे ते ओळखा.

हा कुणाचाच देश नाही. 1959 च्या करारात इथे फक्त शांतता आणि विज्ञान चालेल असं ठरलं. आणि आपला कचरा आपणच परत न्यायचा. जवळच्या नोवोलाझारेव्स्काया केंद्रातल्या रशियन शेजाऱ्यांनी बोलावलं तर जरूर जा, भले लोक आहेत.

आणि येताना सर्दी आणू नका. हिवाळाभर इथे बाहेरचं कुणी येत नाही, त्यामुळे सर्दीही फारशी होत नाही. पहिल्या विमानातून नवे लोक उतरतात आणि आठवड्याभरात सगळं केंद्र शिंकायला लागतं.