हलका घडीचा चाकू घेताय? आधी बघा वजन कुठून कमी केलंय

नवीन कुठलाही हलका फोल्डिंग चाकू आला की आपण सगळे पहिल्यांदा एकच आकडा बघतो, ग्रॅम किती. 52 ग्रॅम म्हटलं की डोळे चमकतात, 110 म्हटलं की पुढचा फोटो. ट्रेकवाल्यांचं तर विचारूच नका, सॅकमधली प्रत्येक वस्तू वजन करून भरणारी मंडळी आपण. पण चाकूचं वजन असं आपोआप कमी होत नाही, ते कुठून तरी काढावं लागतं, आणि कुठून काढलंय त्यावरच तो चाकू हातात कसा वागणार ते ठरतं. त्यामुळे नवा चाकू पारखायचा तर पहिला प्रश्न "वजन किती" हा नको, "काय काढून टाकलंय" हा हवा.

एक उदाहरण घेऊ. बक 110 हा अमेरिकन चाकू 1964 मध्ये आला, लाकडी मूठ, दोन्ही टोकांना पितळ, वजन साधारण 204 ग्रॅम. आणि 2017 मध्ये आलेला बेंचमेडचा बगआउट, वजन 52 ग्रॅम. म्हणजे जवळजवळ पाव. पण पाती बघा, बकचं पातं साडेनऊ सेंटीमीटर आणि बगआउटचं 8.2, फरक सव्वा सेंटीमीटरचा. मग दीडशे ग्रॅम गेले कुठे? पितळ गेलं, जाड लाकूड गेलं, मूठ नायलॉनच्या जातीच्या प्लास्टिकची झाली, आतल्या स्टीलच्या पट्ट्या म्हणजे लायनर फक्त बिजागरी आणि लॉकच्या भागापुरते ठेवले, आणि पातं 2.3 मिलीमीटरच्या आसपास पातळ केलं. यातलं पातं पातळ होणं हा आपला फायदा आहे. लायनर कापणं हा सौदा आहे, थोडं मिळतं थोडं जातं. हे दोन वेगळे करून बघायला शिकलात की अर्धी परीक्षा झाली.

स्पायडर्कोचा पॅरा 3 तर याच्यासाठी फारच चांगला, कारण तोच चाकू दोन रूपांत मिळतो. जी-10 म्हणजे काचतंतू आणि रेझिनच्या कडक मुठीचा साधारण 96 ग्रॅम आणि लाइटवेट 68 ग्रॅम. पात्याचा आकार तोच, लॉकची पद्धत तीच, फक्त मूठ आणि लायनर बदलले. लाइटवेट आला तेव्हा त्याला पोलादही स्वस्तातलं दिलं होतं, म्हणून किंमतीची तुलना करताना ते धरायचं, सगळा फरक मुठीचा नाही. दुकानात किंवा मित्राकडे दोन्ही एकत्र हातात घ्यायला मिळाले तर सोडू नका.

आता घरी करायचं काम. किचनचा वजनकाटा घ्या, चाकूचं वजन करा आणि पात्याच्या लांबीने भागा, म्हणजे दर सेंटीमीटर पात्यामागे किती ग्रॅम वाहतोय ते कळतं. बगआउटचं येतं सव्वासहाच्या आसपास. स्पायडर्को डेलिकाचं, 71 ग्रॅम आणि 7.3 सेंटीमीटर, जवळजवळ दहा, कारण त्याच्या प्लास्टिकच्या मुठीत भोकं पाडलेले का होईना पण पूर्ण लांबीचे स्टील लायनर आहेत. बक 110 चं एकवीसच्या वर. हा आकडा कमी म्हणजे चाकू चांगला असं नाही हं, पण छोटं पातं देऊन "बघा किती हलका" म्हणणारे चाकू यात लगेच उघडे पडतात.

मग मूठ. चाकू बंद ठेवा, अंगठा एका बाजूला आणि बोटं दुसऱ्या बाजूला, मध्यभागी दाबा. लायनर नसलेली मूठ थोडी लवते. बगआउटबद्दल लोकांची सगळ्यात मोठी तक्रार हीच, दाबली की मूठ आत जाते, आणि म्हणून त्याला दुसऱ्या कंपन्यांच्या अॅल्युमिनियमच्या मुठी लावायची एक अख्खी बाजारपेठ उभी राहिली. माझं मत विचाराल तर मध्यभागी थोडं लवलं म्हणून चाकू नाकारू नका, काम करताना जोर मध्यभागी आडवा पडत नाहीच. खरं बघायचं ते बिजागरीपाशी. पातं उघडा, टोकाजवळ चिमटीत धरा आणि डावी-उजवीकडे हलवा, मग वर-खाली. डावी-उजवीकडे अगदी किंचित हलत असेल तर बिजागरीचा स्क्रू थोडा आवळून जातं बहुतेक वेळा. वर-खाली हलत असेल तर तो लॉकचा दोष, स्क्रूने सुटत नाही, चाकू परत करा. आणि स्क्रू आवळल्यावर पातं उघडायला जड झालं, सोडला की परत लुटलुटतंय, मधली जागाच सापडत नाही, असं असेल तर तोही परत.

मुठीबद्दल अजून एक, जे फोटोत कधीच दिसत नाही. हलक्या चाकूची मूठ बहुतेक वेळा चपटी आणि अरुंद असते, खिशात छान बसते, पण दहा मिनिटं जाड पुठ्ठा कापला की तळहाताला कडा टोचायला लागतात. खिशाला अडकवायची क्लिप तर हमखास टोचते. म्हणून घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात कुरिअरचा एखादा मोठा खोका सलग कापून बघा, न थांबता. हात कुठे लाल झाला ते बघा, तिथेच तुम्हाला पुढची अनेक वर्षं टोचणार आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पातं. आपले बरेच हौशी लोक पोलादाच्या नावात इतके अडकतात की पात्याची जाडी बघायचीच राहते. कापण्याचं काम भूमिती करते, पोलाद फक्त ती भूमिती किती दिवस टिकणार ते ठरवतं. पात्याच्या पाठीची जाडी वेबसाइटवर लिहिलेली असते, पण खरी जाडी मोजायची ती धारेच्या लगेच वर, जिथे धार लावलेला चकचकीत उतार संपतो तिथे. डिजिटल व्हर्नियर कॅलिपर आता स्वस्तात मिळतो, हळूच लावा, धारेला घासू नका. 0.3 ते 0.5 मिलीमीटरच्या मधे असेल तर चाकू मस्त कापणार. 0.7 च्या वर गेला तर तो कितीही हलका असू दे, कितीही भारी पोलाद असू दे, भाजीत अडकणार.

कॅलिपर नसेल तर गाजर आणा. चांगलं जाड, ताजं, कडक गाजर. बोर्डवर ठेवून मधोमध आडवं कापा, हळू, पातं सरळ खाली. पातळ पातं शेवटपर्यंत शांतपणे उतरतं आणि कापलेली बाजू गुळगुळीत, ओलसर चमकते. जाड पातं निम्म्यापर्यंत जातं आणि मग 'कट्' असा आवाज येऊन उरलेलं गाजर पाचर मारल्यासारखं फुटतं, खालचा अर्धा भाग खडबडीत दिसतो. तो आवाज ऐकलात की समजा, धार कापत नव्हती, पात्याची जाडी फाडत होती. कागद कापायच्या व्हिडिओंनी हे कधीच कळत नाही, कागदाला जाडीच नसते, तिथे फक्त धार किती ताजी आहे ते दिसतं.

म्हणूनच व्हिक्टोरिनॉक्सचा साधा 91 मिलीमीटरचा लाल चाकू, साठ ग्रॅमच्या आसपासचा, सफरचंद आणि काकडी कापताना भल्याभल्या महागड्या चाकूंना मागे टाकतो. पोलाद मऊ आहे त्याचं, धार लवकर जाते, पण पातं पातळ आहे आणि घरच्या साध्या दगडावर पाच मिनिटांत धार परत येते. नवा हलका चाकू याच्यापेक्षा काय जास्त देतोय, हा प्रश्न मी प्रत्येक वेळी विचारतो आणि तुम्हीही विचारा. एका हाताने उघडणं, लॉक, लांब पातं, खिशाची क्लिप, यातलं खरोखर काय लागणार आहे तुम्हाला?

पोलादाचं आपल्याकडे एकच मोठं गणित आहे, गंज. जून ते सप्टेंबर सह्याद्रीत, नाहीतर बाराही महिने कोकणात आणि गोव्यात, घामाने भिजलेल्या खिशात चाकू राहतो. डी2 हे पोलाद चिनी बजेट चाकूंमध्ये फार दिसतं, धार चांगली टिकते, क्रोमियम बाराएक टक्के असतं पण त्यातलं बरंचसं कार्बाइडमध्ये, म्हणजे पोलादातल्या कार्बनच्या कडक कणांमध्ये, अडकलेलं, म्हणून ते पूर्ण स्टेनलेस नाही आणि पावसाळ्यात ठिपके येतात. एस30व्ही हे महागड्या चाकूंतलं पोलाद बरंच बरं, पण घरी धार लावायला साधा दगड रडवतो, डायमंड प्लेट लागते. 2021 मध्ये लॅरिन थॉमस या धातुतज्ज्ञाने काढलेलं मॅग्नाकट हे पोलाद गंजाला आणि तुटण्याला दोन्हीला चांगलं, पण किंमत तशीच. किनाऱ्यावर राहणाऱ्याला मी सरळ सांगेन, 12सी27 सारखं साधं स्टेनलेस घ्या, धार लावायला सोपं, गंजाचं टेन्शन कमी, आणि वाचलेल्या पैशात एक चांगला दगड घ्या.

आणि 12सी27 म्हटलं की ओपिनेल आलाच. फ्रान्सच्या सावॉय भागात जोझेफ ओपिनेलने 1890 मध्ये सुरू केलेला हा चाकू, बीचच्या लाकडाची गोल मूठ, नंबर 8 चं पातं साडेआठ सेंटीमीटर आणि वजन पन्नास ग्रॅमच्या आत. बगआउटच्या आधी सव्वाशे वर्षं इतका हलका चाकू होता आणि त्यात लायनर नाहीत, स्क्रू नाहीत, क्लिप नाही! पात्याच्या बुडाशी फिरणारी स्टीलची कडी आहे, 1955 पासूनची, ती फिरवली की पातं लॉक. मूठ गोल भरीव असल्यामुळे हाताला टोचत नाही, गाजराच्या परीक्षेत पैकीच्या पैकी. पण घेताना डबा नीट वाचा, कार्बन आणि स्टेनलेस दोन्ही येतात. कार्बनवाल्याने कैरी कापलीत की काही मिनिटांत पातं काळंनिळं पडतं आणि कैरीलाही लोखंडाची चव येते. शिवाय पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पातं बाहेरच निघत नाही, त्यावर उपाय म्हणजे कडी मोकळी करून मुठीचं मागचं टोक दगडावर हलकं ठोकायचं, पातं एवढंसं बाहेर येतं, मग नखाने ओढायचं. घरी आणल्या आणल्या पातं उघडं ठेवून सांध्यात थोडं जवसाचं तेल मुरवलंत तर त्रास कमी होतो.

लॉक तपासताना एक विनंती, पात्याची पाठ टेबलावर आपटायचे व्हिडिओ बघून तसं करू नका, चांगला लॉकही त्याने खराब होतो. पातं उघडा, बोटं पात्याच्या वाटेतून पूर्ण बाजूला घ्या, मूठ फक्त दोन्ही बाजूंनी धरा, आणि पात्याची पाठ जाड टॉवेलवर टेकवून हळूहळू जोर वाढवा. सरकता कामा नये. लायनर लॉक असेल, म्हणजे लायनरचाच एक भाग वाकून पात्यामागे अडकत असेल, तर वरून डोकावून बघा, लॉकची पट्टी पात्याच्या बुडाखाली कुठपर्यंत आली आहे. पाव ते अर्ध्या रुंदीपर्यंत असेल तर ठीक, नुसती कडेला टेकली असेल तर धोका, आणि नव्या चाकूतच पार पलीकडच्या बाजूला पोचली असेल तर झिजायला जागाच उरली नाही. आडव्या दांडीचा लॉक, म्हणजे बगआउटला असतो तो, आजकाल सगळीकडे दिसतो. वापरायला फारच सोयीचा, डावखुऱ्यांनाही, पण आतल्या दोन बारीक स्प्रिंगवर सगळं अवलंबून, त्यामुळे स्प्रिंग सुट्टी मिळते का आणि कंपनी बदलून देते का ते आधीच विचारा.

कायद्याचं. आपल्याकडे शस्त्र नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात, घरगुती आणि शेतीच्या कामाची अवजारं सोडून, आणि आपले चाकू त्याच्या कितीतरी आत बसतात. पण महाराष्ट्रात सण, मोर्चे, निवडणुका असल्या की पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मनाईहुकूम निघतात आणि त्यात चाकू-सुऱ्या येतात, तेव्हा शहरात खिशात ठेवून फिरू नका, ट्रेकला जाताना सॅकच्या तळाशी डब्याबरोबर ठेवा. मेट्रोच्या तपासणीत अडकतो, विमानात फक्त चेक-इन बॅगेत. बटण दाबताच फटकन उघडणारे प्रकार तर टाळाच. परदेशातल्या आपल्या लोकांसाठी, ब्रिटनमध्ये कारणाशिवाय जवळ ठेवायचा तर पातं 3 इंचांच्या आत आणि बिनलॉकचं घडीचंच हवं, म्हणजे वर सांगितलेल्यांपैकी फक्त व्हिक्टोरिनॉक्स बसतो. जर्मनीत एका हाताने उघडून लॉक होणाऱ्या चाकूंवर बंधनं आहेत, तिथे घेण्याआधी नियम वाचा.

ऑनलाइन घेताना नकलांपासून जपा. मोठ्या ब्रँडचा चाकू पाव किमतीत दिसला तर तो तो नाहीच. वजनकाटा इथेही कामाला येतो, कंपनीने दिलेल्या वजनापेक्षा आठ-दहा ग्रॅम इकडेतिकडे असेल तर संशय घ्या, कारण नकलेत लायनर वेगळेच असतात.

घरी आल्यावर स्क्रू एकदा सोडून निळं थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव, अगदी टाचणीच्या टोकाएवढं लावा, हलक्या चाकूंचे स्क्रू बारीक असतात आणि सॅकमध्ये हादरून सुटतात. बिजागरीत मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन एक थेंब, खाण्याच्या वस्तू कापता येतात. खोबरेल नको, थंडीत ट्रेकला गेलात की ते आत गोठतं आणि पातं नेमकं पहाटे, हात गारठलेले असताना, जड उघडतं.