पुण्यात एरिया कसा ओळखायचा: सुरुवात मीटर रूमपासून करा

एकोणीस वर्षं मी पुण्यात घरोघर फिरून वीज मीटरचं रीडिंग घेतलं. आधी धनकवडी, बिबवेवाडी, सहकारनगर, मग सिंहगड रोड आणि धायरी, शेवटची काही वर्षं वाघोली. घर दाखवणारा एजंट ज्या जागा कधी दाखवत नाही, त्या मी रोज बघितल्या: जिन्याखालची मीटर रूम, पार्किंगचा मागचा कोपरा, पाण्याचा पंप, टाकीचं झाकण. यंदा पुतणी बार्शीहून खराडीत नोकरीला आली. तिच्यासाठी घर शोधताना जे जे तपासलं, ते लिहून ठेवतोय, कारण तिच्यासारखी पोरं रोज या शहरात उतरतात आणि अकरा महिन्यांच्या करारावर डोळे झाकून सही करतात.

पहिली गोष्ट. "एरिया चांगला आहे का?" असं कुणालाच विचारू नका. उत्तर देणारा रस्त्यापाण्याबद्दल बोलत नाही. तिथे राहणाऱ्यांची जात, धर्म, पैसा यावर बोलतो. मी जनता वसाहतीत वाढलो, पर्वतीच्या उतारावर. आमचा पत्ता ऐकला की समोरच्याचा चेहरा बदलायचा. त्याच वसाहतीत आईला रात्री दोनला दम लागला, तेव्हा चार घरांची दारं हाक मारायच्या आधी उघडली आणि शेजारच्या काकांनी तिला पाठीवर घेऊन खाली रिक्षापर्यंत नेलं. पाठीवर का, तर बोळात ॲम्ब्युलन्स येतच नव्हती. पावसाळ्यात वरचा उतार खचायची भीतीही होती. माणसं भली होती आणि जागा धोक्याची होती. दोन्ही खरंच होतं, म्हणून या दोन गोष्टी मी वेगवेगळ्या बघतो.

आता पाणी. पुण्यात एरियाची निम्मी परीक्षा इथेच होते. महापालिका देखभालीसाठी बहुतेक वेळा गुरुवारी पाणी बंद ठेवते आणि शुक्रवारी सकाळी ते उशिरा आणि कमी दाबाने येतं. म्हणून घर शुक्रवारी सकाळी बघायला जा. नळ सोडा, बादली भरायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघा, पाणी गढूळ आहे का ते स्टीलच्या भांड्यात घेऊन बघा. रविवारी दुपारी वरची टाकी भरलेली असते, तेव्हा प्रत्येक घराला पाणी असतं. मी स्वतः हीच चूक केली. लग्नानंतर शहराबाहेर नव्या बिल्डिंगमध्ये भाड्याने घर घेतलं, बघायला गेलो ते रविवारी. पहिल्याच उन्हाळ्यात टँकर यायला उशीर झाला की बायको खालच्या टाकीतून दोन मजले बादल्या वाहायची, तेव्हा तिला सातवा महिना होता. ते अजून मनातून जात नाही.

टँकर ओळखायला विचारायची गरज नसते. गेटजवळचा रस्ता बघा. रोज जड गाडी वळत असेल तर तिथले पेव्हर ब्लॉक खचलेले असतात आणि टाकीच्या तोंडाशी जाड पाइपची वेटोळी पडलेली असतात. मग सोसायटीच्या ऑफिसात जाऊन मार्च ते मे या तीन महिन्यांचा टँकरचा हिशेब मागा. दाखवला तर सोसायटी नीट चालते असं समजा.

यामागचं कारणही माहीत असू द्या. धायरी, उंड्री, आंबेगाव ही गावं २०१७ मध्ये महापालिकेत आली. वाघोली, नऱ्हे, किरकटवाडी, नांदेड, सूस, म्हाळुंगे २०२१ मध्ये. इमारती आधी उभ्या राहिल्या, जलवाहिन्या मागून येतायत. बऱ्याच ठिकाणी पाण्याची सोय आम्हीच करू असं हमीपत्र बिल्डरने परवानगी घेताना दिलेलं असतं आणि पुढे तो भार सोसायटीवर येतो. पाणी येतं एवढ्यावर थांबू नका, कुठून येतं तेही विचारा. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसची (गुलेन-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडणारा आजार) साथ आली, तेव्हा सर्वाधिक रुग्ण सिंहगड रोड, नांदेड, किरकटवाडी, धायरी याच पट्ट्यात सापडले आणि संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली. विहीर, बोअर, टँकर, महापालिका, जे असेल ते नावानिशी कळलं पाहिजे, आणि टाकी कधी धुतली त्याची तारीखही.

पाण्याची दुसरी बाजू म्हणजे ओढे. इथे मीटर रूम कामाला येते. मालक घराला रंग देतो, पण मीटर रूमला सहसा कुणी देत नाही. आत जाऊन भिंतीला हात लावा. गुडघ्याएवढ्या उंचीवर मातकट रेघ असेल, मीटरच्या बोर्डाचे खालचे स्क्रू गंजलेले असतील, किंवा सगळे मीटर मुद्दाम डोक्याच्या वर चढवलेले असतील, तर तिथे पाणी येऊन गेलंय. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. त्यानंतर मी अरण्येश्वर, सहकारनगर भागात रीडिंगला गेलो, तेव्हा पार्किंगमध्ये गाड्या एकमेकींवर चढलेल्या होत्या आणि मीटरच्या काचेच्या आत चिखल होता. वर्षभराने त्याच सोसायट्यांत नवे भाडेकरू आले होते. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

आंबिल ओढा कात्रजकडून येतो, पद्मावती, अरण्येश्वर, दांडेकर पूल करत मुठेला मिळतो. राम नदी बावधन, पाषाण, बाणेर करत मुळेला. यांच्या काठची घरं उन्हाळ्यात फार छान दिसतात, खिडकीतून झाडी, समोर मोकळं. उन्हाळ्यात बघितलेलं घर पावसात एकदा परत बघा. तेवढा वेळ नसेल तर महापालिकेच्या विकास आराखड्याच्या नकाशावर दोन रेषा शोधा: निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. सिंहगड रोडवरच्या एकता नगरीत २५ जुलै २०२४ ला पहाटे पाणी घुसलं, ते खडकवासल्यातून सोडलेल्या विसर्गाने. म्हणजे आपल्या डोक्यावर पाऊस नसला तरी धरणाकडे पडतोय का, हे मुठेकाठी राहणाऱ्याला बघावं लागतं. पेठांमधली म्हातारी माणसं १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर अजून भिंतीकडे बोट दाखवून सांगतात. अशी माणसं भेटली तर दहा मिनिटं बसा त्यांच्यापाशी.

विजेचं खरं उत्तर पिठाच्या गिरणीत मिळतं. लाइट गेली की गिरणीवाल्याचा धंदा थांबतो, त्यामुळे किती वेळा जाते, किती वेळ जाते, हे त्याला तोंडपाठ असतं. सोसायटीत जनरेटर असला की आतल्या लोकांना ते कळतसुद्धा नाही. रस्त्यावरच्या डीपीचं, म्हणजे वीज वाटणाऱ्या लोखंडी पेटीचं, दार बघून घ्या. उघडं लटकत असेल, आत प्लॅस्टिक आणि कचरा कोंबलेला असेल, तर तिथे कुणाचं लक्ष नाही. लहान मुलं असतील तर मी ते घर घेऊ नका असंच म्हणेन, पावसात भिजलेल्या डीपीजवळ मेलेली कुत्री मी उचललीयत.

तसंच पाण्याचं खरं उत्तर धुणंभांडी करणाऱ्या मावशींकडे. त्या एका दिवसात चार बिल्डिंगा करतात. "मावशी, कुठल्या बिल्डिंगमध्ये तुम्हाला काम नको वाटतं?" एवढंच विचारा. कचऱ्याचं 'स्वच्छ' या संस्थेच्या, घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या ताईंना विचारा. कुठल्या कोपऱ्यावर रात्रीतून ढीग होतो आणि कोण टाकतं, त्यांना ठाऊक असतं. या बायका खोटं सांगत नाहीत, त्यांना त्यातून काही मिळायचं नसतं.

रात्री साडेदहाला एकदा जा. गाडीने नको, शेवटच्या बसथांब्यावर उतरून गेटपर्यंत चालत. मी पुतणीला पुढे चालायला सांगितलं आणि स्वतः पन्नास पावलं मागे राहिलो. दिवे किती लागतात, मेडिकल उघडं आहे का, एखादी मेस किंवा अंडाभुर्जीची गाडी चालू आहे का, हे बघायचं. टपरीवर चार पोरं उभी दिसली म्हणून लगेच घाबरू नका. वर्दळ असलेला रस्ता मला बऱ्याचदा सोसायट्यांच्या दोन उंच भिंतींमधल्या सामसूम रस्त्यापेक्षा बरा वाटलाय. पण शेवटी तिचं म्हणणं धरायचं. एका गल्लीत मला काहीच वावगं दिसलं नाही, ती म्हणाली, "काका, इथे नको." कारण विचारलं नाही, पुढचं घर बघितलं.

ऑफिसचा रस्ता सोमवारी सकाळी नऊ वाजता, ज्या वाहनाने रोज जायचंय त्यानेच करून बघा. वाघोलीहून नगर रोडने खराडीला जाताना नकाशावरचं अंतर विसरूनच जा. लोहगावजवळ घेत असाल तर हवाई दलाच्या विमानांचा आवाज एक दिवस ऐका. विकत घेणार असाल तर भोगवटा पत्र (इमारत वापरायला महापालिकेने दिलेली परवानगी) आणि महारेराची (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नोंद वकिलाला दाखवा, त्यात मी जाणकार नाही.

आम्ही एकूण अकरा घरं बघितली. शेवटी चंदननगरमधलं घेतलं, जुनी तीन मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही, रंग उडालेला. मीटर रूम कोरडी, प्रत्येक मीटरवर खडूने फ्लॅट नंबर, खाली गिरणी. एजंट म्हणाला, यापेक्षा चांगला एरिया दाखवतो. शुक्रवारी सकाळी पावणेसातला तिच्या न्हाणीघरातली बादली चार मिनिटांत भरली. मागच्या बाजूला एक नाला आहे, सध्या कोरडा. जुलैत जाऊन तो बघायचाय, पुतणीला तसं सांगून ठेवलंय, आणि तोवर तळमजल्यावर गाडी लावू नको म्हटलंय.